ॲसिडिटीची सुई : गरज कुणाला, घाई कुणाला?

सीझन आला की मालेगावच्या कापडबाजारात दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक ट्रान्सपोर्टच्या गोदामावर आणि दुसरी दवाखान्याच्या बाकड्यावर. पाळी सुटली की मागावरचे कारागीर, सायझिंगमधले कामगार, हमाल आणि आमच्यासारखे दुकानदार एकाच बाकड्यावर येऊन बसतात. तक्रार बहुतेकांची एकच असते. छातीत जळजळ, पोटात आग, आंबट ढेकर. आणि मागणीही एकच असते. "डॉक्टरसाहेब, गोळी नको, सुई लावा. कामावर जायचे आहे."

व्यापाराच्या पानावर हा सुईचा विषय कशाला, असे आमचे काही बांधव विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, आपल्या धंद्यात माग, बीम, दुकान, पत हे सारे भांडवल खरे. पण त्या सर्वांच्या आधीचे भांडवल म्हणजे माणसाचे शरीर होय. ते अल्लाहची अमानत आहे. माग बिघडला तर दुरुस्त होतो, उधारी बुडाली तर पुढच्या सीझनला भरून निघते. शरीराचा तोटा मात्र पुढच्या खात्यात ओढता येत नाही. शिवाय सुईमागे जाणारा पैसा, बुडणारा रोज आणि पुढे इस्पितळाचे बिल हा सरळ व्यापाराचाच हिशेब आहे.

आम्ही डॉक्टर नाही. पण या सुईचा गैरवापर आणि योग्य वापर, दोन्ही आमच्याच शरीरावर झाले आहेत. म्हणून लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

आमच्यावर गुदरलेला प्रसंग

२०२३ च्या रमजान ईदच्या आधीची गोष्ट. सीझन ऐन भरात होता. दिवसभर दुकानाच्या पायऱ्या चढउतर करून आमचे गुडघे दुखत होते. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि सकाळ-संध्याकाळ घेऊ लागलो, पुष्कळदा उपाशीपोटी, चहाच्या घोटाबरोबर. दहा-बारा दिवसांत पोटात आग सुरू झाली. बाजाराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. तेथे सुई मिळाली, दोन तासांत बरे वाटले, आम्ही गल्ल्यावर परत. मग दर दोन-तीन दिवसांनी तीच सुई. असे सुमारे सहा आठवडे चालले.

पुढे शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले. खाण्यातले काहीतरी असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर ताका उलगडताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आम्ही गादीवरच कोसळलो. भाच्याने गाडीत घालून नाशिकच्या इस्पितळात नेले. दुर्बिणीने तपासल्यावर कळले की जठराला लागून असलेल्या आतड्यात व्रण आहे आणि त्यातून रक्त वाहत आहे. रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. दुर्बिणीतूनच रक्त थांबविण्यात आले आणि पुढचे तीन दिवस-रात्र सलाईनमधून एक औषध थेंबाथेंबाने चालू राहिले. त्याचे नाव विचारले. पॅन्टोप्राझोल, ॲसिड कमी करणारे इंजेक्शन.

तेथल्या डॉक्टरांनी विचारले, "याआधी कोणते इंजेक्शन घेत होता?" आम्हाला उत्तर देता आले नाही. सुताचा काउंट विचारल्याशिवाय, कापडाचा पन्हा मोजल्याशिवाय, रीड-पिक पाहिल्याशिवाय तीस वर्षांत आम्ही कधी सौदा केला नाही. आणि स्वतःच्या शरीरात सहा आठवडे काय टोचून घेत होतो, त्याचे नावही आम्ही विचारले नव्हते! त्या दिवशी आम्हाला जी शरम वाटली, तिच्यातूनच हा लेख आला आहे.

औषध तेच, वाट वेगळी

जठरात अन्न पचविण्यासाठी तेजाब तयार होते. ते तयार करणारे लहान लहान पंप जठराच्या आतल्या अस्तरात असतात. १९७६ साली सिमेटिडिन हे औषध प्रथम इंग्लंडमध्ये बाजारात आले आणि अल्सरच्या उपचारात मोठा बदल झाला. त्याच घराण्यातले रॅनिटिडिन पुढे आपल्याकडे घरोघरी पोहोचले. १९८८ पासून ओमेप्राझोल आणि १९९४ पासून पॅन्टोप्राझोल आले. ही दोन औषधे ते पंपच बंद करतात. म्हणून त्यांचा असर अधिक आणि जास्त वेळ टिकणारा असतो.

आता आपल्या लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज. सुई म्हणजे जोरदार औषध आणि गोळी म्हणजे हलके, असे आपण धरून चाललो आहोत. वस्तुस्थिती तशी नाही. पॅन्टोप्राझोलची ४० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर त्यातले शंभरातले पंचाहत्तर भाग किंवा त्याहून थोडे अधिक औषध रक्तात पोहोचते. यामुळेच इस्पितळात शिरेतून ४० मिलिग्रॅम चालू असलेल्या रोग्याला गोळीवर आणताना डॉक्टर मात्रा बदलत नाहीत. ४० ला ४० च. सुईचा असर तासाभराच्या आत सुरू होतो, गोळीला दोन-अडीच तास लागतात, एवढाच फरक. एकदा असर सुरू झाला की दोन्हींचे काम सारखेच, आणि पूर्ण फायदा रोज घेतल्यावर काही दिवसांनी दिसतो.

म्हणजे ज्याला गोळी गिळता येते, ज्याला उलटी होत नाही, ज्याचे रक्त जात नाही, अशा माणसाने सुई घेतली तर तो त्याच मालाचे वाहतूक भाडे दसपट देत आहे. माल तोच. भाड्याबरोबर वाटेतला धोका मात्र फुकट पदरात पडतो.

आमच्या बाबतीत चूक कोठे झाली, हेही सांगावयास हवे. या औषधाचा असर साधारण एक दिवस राहतो. आम्ही ते दोन-तीन दिवसांतून एकदा घेत होतो आणि दुखण्याच्या गोळ्या रोज दोन. त्या गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण काढून घेतात. सुईने जळजळ दबत होती, व्रण आतून वाढत होता. दुखणे कळविणारा पहारेकरी आम्ही पैसे देऊन झोपविला होता.

सुई खरोखर कुणाला लागते?

या औषधाशी आमचे वैर नाही. त्यानेच आमचे प्राण वाचविण्यास हातभार लावला. ज्याला रक्ताची उलटी झाली किंवा काळे शौच होत आहे, ज्याला सारख्या उलट्या होत असल्याने गोळी पोटात टिकत नाही, ज्याचे मोठे ऑपरेशन झाले आहे आणि तोंडाने काही देणे बंद आहे, जो अतिदक्षता विभागात नळ्यांवर आहे, अशांना सुई लागतेच. रक्तस्राव होणाऱ्या अल्सरमध्ये दुर्बिणीचा उपचार झाल्यावर मोठी मात्रा देऊन पुढे ७२ तास ड्रिप चालविण्याची पद्धत आहे. या साऱ्या गोष्टी इस्पितळातल्या आहेत. रोगी गोळी घेऊ लागला की सुई बंद करणे, हाच त्यातला कायदा आहे.

पाळी सुटल्यावर जळजळ होते म्हणून रांगेत उभे राहून सुई घेणारा कारागीर यांपैकी कशात बसतो? बहुतेक वेळा कशातच नाही.

चार प्रश्न विचारल्याशिवाय बाही वर करू नका

आमचे म्हणणे एवढेच की, सौदा करताना आपण जेवढी चौकशी करतो तेवढी सुईच्या वेळीही करावी. विचारण्यात बेअदबी नाही. चांगला डॉक्टर प्रश्नाने नाराज होत नाही.

पहिला प्रश्न : औषधाचे नाव काय? नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे. बाटलीवरची मुदत पाहावी. पूर्वी अशा औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास कोंडला असेल, तर ते आधी सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे, हृदयात स्टेंट बसविल्यानंतरची क्लोपिडोग्रेलसारखी गोळी, सांधेदुखीसाठीचे मेथोट्रेक्सेट यांपैकी काही चालू असेल तर तेही सांगावे. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल ही क्लोपिडोग्रेलचा असर कमी करू शकतात. लिव्हरचा आजार असेल किंवा घरातली बाई गरोदर असेल तर तेही लपवू नये.

दुसरा प्रश्न : मला गोळी का चालणार नाही? याचे नीट उत्तर मिळाले तर सुई घ्यावी. "तुम्हीच मागितली म्हणून" हे उत्तर असेल, तर मागणी आपणच मागे घ्यावी.

तिसरा प्रश्न : कोठे टोचणार, किती वेळात, आणि सिरिंज नवी आहे ना? पॅन्टोप्राझोलचे इंजेक्शन पावडरच्या रूपात येते. ४० मिलिग्रॅमची पावडर १० मिलिलिटर सलाईनच्या पाण्यात ताजी मिसळून ते फक्त शिरेत द्यावयाचे असते, दंडाच्या किंवा कमरेच्या मांसात नव्हे. आणि एका झटक्यात नव्हे, तर निदान दोन मिनिटे घेऊन हळूहळू. किंवा सलाईनच्या छोट्या बाटलीत घालून सुमारे पंधरा मिनिटांत. त्याच सिरिंजमध्ये दुसरे औषध मिसळू नये. पाणी गढूळ दिसले किंवा त्यात कण दिसले तर ते वापरू नये. देताना शीर जळू लागली, हात सुजला, अंगावर चट्टे उठले, चक्कर आली, तर तेथल्या तेथे सांगावे. यासाठी सुई घेतल्यावर थोडा वेळ दवाखान्यातच बसून राहावे. रॅनिटिडिनची सुई मांसातही देतात. पण शिरेत भरभर दिली तर हृदयाचे ठोके मंदावू शकतात. म्हणून तेथेही घाई नको.

चौथा प्रश्न : किती दिवस, आणि पुढे काय? ज्या सुईला शेवटची तारीख नाही, ती उपचार नसून सवय आहे. जळजळ दोन-तीन आठवड्यांच्या औषधाने थांबत नसेल तर कारण शोधावे लागते.

जुनी सुई, नवे दुखणे

सिरिंजच्या बाबतीत थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमधील मोडासा येथे कावीळ ब ची साथ आली. शेकडो लोक आजारी पडले, अनेक दगावले, आणि तपासात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचे समोर आले. २०१८ साली उत्तर प्रदेशच्या उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ भागात चाळीसहून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले, आणि त्याचा संबंध स्वस्तात सुई टोचत फिरणाऱ्या एका बिनपदवीच्या माणसाशी जोडला गेला. हे लोक कोण होते? रोजंदारीचे, कष्टाचे, कामावर लवकर परतण्याची घाई असलेले. आपल्यासारखेच.

गेल्या काही वर्षांत एकदाच वापरता येतील अशा, वापरताच आपोआप लॉक होणाऱ्या सिरिंज आल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सर्व देशांना त्यांचा आग्रह धरला. पण पाकीट आपल्यासमोर फोडले जाते की नाही, हे पाहण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. नवे पाकीट फोडताना पाहिले नाही तर सुई घेऊ नये. जळजळ रात्रभर सहन होईल. कावीळ किंवा एचआयव्ही मात्र आयुष्यभर सहन करावी लागेल.

रॅनिटिडिनबद्दल एक बाब. २०१९ साली या औषधात एनडीएमए नावाची, कॅन्सरचा धोका वाढवू शकणारी अशुद्धी आढळली. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढण्यास सांगितले. आपल्या देशातही सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळण्यात आले. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण जुन्या सवयीने वर्षानुवर्षे तेच घेणाऱ्यांनी एकदा डॉक्टरांना विचारून घ्यावे.

प्रत्येक गॅस हा गॅस नसतो

आता सर्वांत गंभीर बाब. आपल्या पेठेत एक वाक्य नेहमी ऐकू येते. "गॅस चढला होता, सुई लावून घरी आला आणि रात्री गेला." जनाज्याला उभे राहून हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. तो गॅस नसतो. बऱ्याचदा तो हृदयाचा झटका असतो.

छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, दुखणे डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जाणे, दरदरून थंड घाम, दम लागणे, जीव घाबरणे, अशी लक्षणे असतील तर ॲसिडिटीची सुई मागू नये. ईसीजी मागावा. डायबेटिस असलेल्या माणसाला झटक्यात फारसे दुखतही नाही. केवळ जळजळ आणि अस्वस्थपणा वाटतो. चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू-बिडी ओढणाऱ्या, ब्लडप्रेशर किंवा शुगर असलेल्या माणसाने तर हा विचार सर्वांत आधी करावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिला बोलवावे. गल्ला कोण सांभाळील, पाळी कोण भरील, हा प्रश्न तासाभरासाठी बाजूस ठेवावा.

त्याचप्रमाणे रक्ताची उलटी, काळे शौच, गिळताना अन्न अडकणे, कारण नसता वजन उतरणे, अंगातले रक्त कमी होणे, ही लक्षणे दिसली तर सुई-गोळीने दाबून न ठेवता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. जठराच्या कॅन्सरची जळजळही या औषधांनी काही काळ शांत होते आणि हातचे महिने निघून जातात.

मूळ कोठे आहे?

अल्सर म्हणजे तिखट आणि चिंता, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले की, पुष्कळ अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. लोक विश्वास ठेवीनात म्हणून मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन पाहिला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू असेल तर सुया घेऊन तो जात नाही. जंतुनाशक औषधे आणि ॲसिडची गोळी यांचा साधारण १४ दिवसांचा पूर्ण कोर्स लागतो. चार दिवसांनी बरे वाटले म्हणून मध्येच सोडला तर जंतू पुन्हा जोर धरतो. आणखी एक गोष्ट. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीपूर्वी दोन आठवडे पॅन्टोप्राझोलसारखी औषधे बंद ठेवावी लागतात, नाहीतर जंतू असूनही तपासणीत सापडत नाही. जो रोज सुई घेतो, त्याचा जंतू असा लपून राहतो. अर्थात औषध बंद करणे डॉक्टरांना विचारूनच.

दुसरे मूळ म्हणजे दुखण्याच्या गोळ्या आणि सुया. बारा-बारा तास मागासमोर उभे राहणाऱ्याची कंबर दुखणारच. तो डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतो. त्याने पोट बिघडते, मग ॲसिडिटीची सुई. आपल्याकडे तर दोन्ही सुया जोडीने देण्याचा रिवाज आहे. एक सुई खड्डा करते आणि दुसरी तो झाकते. लांब चालणारे दुखणे असेल तर डॉक्टरांना सांगावे की आमचे पोट नाजूक आहे. ते दुसरा मार्ग सुचवितात.

तिसरे मूळ आपल्या हातातले आहे. उपाशीपोटी दहा कप चहा, तंबाखू, रात्री उशिरा पोट भरून जेवण आणि लगेच आडवे होणे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो कोठे मिळतो हे कारखान्यातल्या पोरांनाही ठाऊक आहे. हे बोलून दाखविणेही आमचे काम आहे.

आणि गोळीसुद्धा वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेऊ नये. फार काळ घेतल्यास अंगातले मॅग्नेशियम आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, आतड्यांचा संसर्ग होऊन जुलाब लागू शकतात, क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. ज्यांना डॉक्टरांनी दीर्घकाळ घेण्यास सांगितले आहे त्यांनी मात्र हे वाचून स्वतःहून सोडू नये.

रमजानचा विचार

ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर नीट लागू पडते. रमजानमध्ये सहरीला उठताच गोळी घेऊन अर्ध्या तासाने खावे. अल्सर ताजा असेल, रक्त गेले असेल, तर रोजा ठेवावा की नाही हे डॉक्टर आणि आपले आलिम दोघांना विचारावे. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलून नंतर कजा करण्याची सवलत आपल्या दीनने दिलेली आहे. २०२३ साली आम्ही ती घेतली आणि मनाला फार लागले. आमच्या इमामसाहेबांनी समजावले की अल्लाहने दिलेली सवलत घेणे हीही आज्ञाधारकताच आहे. कॅप्सूलच्या जिलेटिनच्या शंकेमुळे काही बांधव औषधच सोडतात आणि सुईकडे वळतात. त्यांच्या माहितीसाठी, पॅन्टोप्राझोल साध्या गोळीच्या रूपात मिळते. तेवढ्यासाठी सुईकडे जाण्याचे कारण नाही.

सेठ लोकांना दोन शब्द

आमचे काही कारखानदार मित्र म्हणतात, "गोळीने दोन दिवस जातात, सुईने माणूस त्याच पाळीला उभा राहतो. त्याचाही रोज वाचतो, आमचाही माल निघतो." यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे घर आजच्या रोजावर चालते त्याला सबूरीचा उपदेश करणे सोपे आहे, आणि डॉक्टरांचीही अडचण आहे. एकाने सुई नाकारली तर रोगी पुढच्या दवाखान्यात जातो. म्हणूनच हा प्रश्न एकट्या कारागिराच्या शहाणपणावर सोडता येणार नाही.

सेठने पाळीच्या मध्ये जेवणासाठी अर्धा तास खरोखर द्यावा, कागदावर नव्हे. सुईसाठी उचल देण्याऐवजी तपासणीसाठी उचल द्यावी. तपासणीच्या दिवशीचा रोज कापू नये. पॅन्टोप्राझोलची गोळी जनऔषधी केंद्रावर बाजारापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तेथून आणण्याची माहिती कारखान्याच्या भिंतीवर लावावी. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. नमाजनंतर एखादा जाणकार डॉक्टर बोलावून मोहल्ल्यात या विषयावर अर्धा तास बोलणे ठेवले तर खर्च चहाचाच येईल.

आमचा हिशेब आम्ही नंतर मांडून पाहिला. सहा आठवड्यांच्या सुया, इस्पितळ, रक्त, सात दिवस बंद दुकान आणि हातचा गेलेला ईदचा सीझन एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एक तपासणी, एक महिन्याच्या गोळ्या आणि गुडघ्यासाठी योग्य डॉक्टरकडे एक फेरी. हा सौदा कोणत्याही मुनीमाला समजेल.

तेव्हा बांधवांनो, पुढच्या वेळी त्या बाकड्यावर बसाल तेव्हा "सुई लावा" म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा. नाव काय, गोळी का नको, कोठे आणि कसे देणार, किती दिवस. उत्तरे पटली तर बिस्मिल्लाह म्हणून बाही वर करा. नाही पटली तर गोळी घेऊन घरी या. अल्लाह आपणा सर्वांना सेहत, हलाल रोजी आणि समज देवो. आमीन.